केलेल्या कामाचें प्रमाण : कॅनडाचा कसबी-प्रवेश व कामाच्या दाखल्याचा पूर्वेतिहास

१. प्रास्ताविक

अमुक मनुष्य अमुक सालीं अमुक कामावर होता, एवढें एकच विधान सिद्ध करण्यास कागदपत्रांच्या अभ्यासकास किती खटाटोप करावा लागतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पगाराची याद हातीं लागते, पण तींत नांव व रक्कम यांपलीकडे कांहीं नसतें. कामाचें वर्णन असलेलें पत्र सांपडतें, तर त्यावर मिती नसते. मिती असलेली नक्कल मिळते, पण ती कोणीं व कशावरून उतरली याचा पत्ता लागत नाहीं. मृत माणसांच्या बाबतींत संशोधकाचा हा खटाटोप फसला, तर फार तर एक टीप अपुरी राहते. परंतु नेमका हाच खटाटोप आज कित्येक जिवंत माणसांस स्वतःच्याच बाबतींत करावा लागत आहे, आणि तो फसला तर त्यांचें व त्यांच्या मुलाबाळांचें सारें बेत केलेलें आयुष्य मोडतें.

कॅनडा देशांत कसबी कामकरी म्हणून कायम वास्तव्याचा हक्क मागणारास आपण मागील दहा वर्षांत कोणतें काम, किती काळ व कोणाकडे केलें, हें कागदानें दाखवावें लागतें. पुणें, मुंबई, नागपूर या शहरांतून असा अर्ज करणारीं मराठी माणसें कमी नाहींत. त्यांच्यापैकीं अनेकांची अडचण कसबाच्या अभावाची नसून कागदाच्या अभावाची असते.

हा विषय इतिहास-संशोधनाच्या कक्षेबाहेरचा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास आमचें उत्तर असें कीं, प्रमाण कशास म्हणावें, अस्सल व बनावट यांत भेद कसा करावा, साक्षीदार कोण व त्यास ती गोष्ट ठाऊक असण्याचें कारण काय, हे प्रश्न आमच्याच धंद्यांतले आहेत. शिवाय कामाचा दाखला हा स्वतःच एक जुना दस्तऐवज-प्रकार असून त्याचा इतिहास चारशें वर्षांहून अधिक मागें जातो. त्या इतिहासाच्या आधारें आम्हांस एकच विधान मांडावयाचें आहे. काम करणारा एक व कामाचा लेख लिहिणारा दुसरा, ही या दस्तऐवजाची मूळची अडचण आहे. तो लेख मागण्याचा हक्क कामकऱ्यास कायद्यानें दिला, तेथेंच ती बव्हंशीं दूर झाली. जेथें दिला नाहीं, तेथें परदेशचें सरकार एका माणसाकडून असा कागद मागतें कीं, जो देणें न देणें दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे.

२. कॅनडाचा नियम कसा बनला

कॅनडांत प्रवेश देतांना माणसाच्या कसबाचा विचार प्रथमपासून होत होता असें नाहीं. १९०८ सालीं, स्वदेशाहून अखंड प्रवासानें न येणारास प्रवेश नाकारतां येईल असा नियम तेथें करण्यांत आला. हिंदुस्थानांतून थेट जाणारी बोट मिळणें दुरापास्त असल्यामुळें त्याचा रोख कोणावर होता हें उघड होतें. १९१४ सालीं ३७६ प्रवासी घेऊन गेलेल्या कोमागाता मारू या जहाजाची कथा वाचकांस ठाऊक आहेच. स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं झालेल्या करारानें भारतीयांस वर्षाकांठीं १५० जागा देण्यांत आल्या, आणि १९५७ सालीं ती संख्या ३०० झाली. या सर्व काळांत मनुष्य कोठला, हा प्रश्न पहिला होता. तो काय करूं शकतो, हा प्रश्न मागाहूनचा होता.

१९६२ च्या नियमांनीं हा क्रम उलटण्यास आरंभ झाला, आणि १ ऑक्टोबर १९६७ पासून अमलांत आलेल्या गुणपद्धतीनें तो स्पष्टपणें उलटला. या पद्धतींत एकूण गुण १०० असून स्वतंत्र अर्जदारास त्यांपैकीं ५० मिळवावे लागत. शिक्षणास २०, अधिकाऱ्याच्या वैयक्तिक अजमासास १५, धंद्याच्या मागणीस १५, धंद्यांतील कौशल्यास १०, वयास १०, अशी वांटणी होती. बाकीचे गुण ठरलेली नोकरी, भाषा, नातेवाईक व जाण्याचें ठिकाण यांस होते. यांत 'अनुभव' असें स्वतंत्र कलम नव्हतें, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. तें १९७८ च्या नियमांत प्रथम वेगळें काढण्यांत येऊन त्यास ८ गुण देण्यांत आले. २००२ च्या कायद्याबरोबर आलेल्या नियमांनीं अनुभवाचे गुण २१ पर्यंत वाढविले, आणि २०१३ सालीं ते १५ वर आणून भाषेचे गुण वाढविण्यांत आले. त्या सालच्या कोष्टकाप्रमाणें एक वर्षाच्या अनुभवास ९, दोन ते तीन वर्षांस ११, चार ते पांच वर्षांस १३ व सहा किंवा अधिक वर्षांस १५ गुण आहेत, आणि १०० पैकीं ६७ गुणांची अट आहे. १ जानेवारी २०१५ पासून अर्जांची छाननी नव्या रीतीनें होऊं लागली, तरी अनुभवाचें प्रमाण मागण्याचा पाया तोच राहिला. गुणपद्धति पुढें ऑस्ट्रेलियानें १९७९ सालीं व न्यूझीलंडनें १९९१ सालीं आपापल्या परीनें उचलली.

वैयक्तिक अजमासाची जागा मोजणीनें घेतली, हा या क्रमाचा अर्थ होय. अधिकाऱ्याच्या मर्जीस आळा बसला हें चांगलें झालें. परंतु मोजावयाचें तर मोजण्याजोगा कागद हवा, आणि तो आणण्याचें ओझें अर्जदारावर पडलें.

३. पत्रांतील कलमें

या नियमांखालीं अनुभव म्हणजे काय, याची व्याख्या कांटेकोर आहे. मागील दहा वर्षांत निदान एक वर्ष अखंड, वेतन घेऊन केलेलें काम पाहिजे. आठवड्यास ३० तास या हिशेबानें वर्षाचे १५६० तास होतात. आठवड्यास ३० तासांहून अधिक खपलें तरी त्यामुळें वर्ष लवकर भरत नाहीं. बिनपगारी उमेदवारी किंवा समाजसेवा यांत धरीत नाहींत. कमी तासांचें काम असल्यास तें अधिक काळ केलेलें असून बेरीज तेवढीच भरली पाहिजे.

यासाठीं धन्याकडून जें पत्र आणावें लागतें, त्यांतील कलमें येणेंप्रमाणें:

(१) पत्र संस्थेच्या छापील कागदावर असून त्यावर पत्ता, टेलिफोन व पत्रव्यवहाराचें साधन असावें.
(२) अर्जदाराचें नांव असावें.
(३) निकटच्या वरिष्ठाची किंवा नोकरवर्गाचें काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची सही, नांव व हुद्दा असावा.
(४) अर्जदारानें भूषविलेला प्रत्येक हुद्दा व त्याचा आरंभ-अखेर असावी.
(५) प्रत्येक हुद्द्यावरील कर्तव्यें लिहिलेलीं असावींत.
(६) आठवड्याचे तास असावे.
(७) वार्षिक वेतन व इतर लाभ असावे.

अर्ज करण्याचें आमंत्रण आल्यावर हें सारें सादर करण्यास ६० दिवसांची मुदत असते. स्वतःचा धंदा करणारास धन्याचें पत्र असणें शक्य नाहीं. त्यानें धंद्याच्या मालकीचा कागद, उत्पन्नाचा पुरावा आणि ज्यांचें काम केलें त्यांचे, पैसे दिल्याच्या तपशिलासह, लेख द्यावयाचे असतात. त्यानें आपणच आपल्या कामाविषयीं केलेलें प्रतिज्ञापत्र पुरेसें मानीत नाहींत.

जुन्या कागदांच्या अभ्यासकास ही यादी परकी वाटूं नये. सनदेची परीक्षा करतांना आम्ही शिक्का, मिती, देणारा, घेणारा, विषय व शेवटचें मोर्तब हींच अंगें पाहतों. छापील कागद व पत्ता हें शिक्क्याचें काम करतात. वरिष्ठाची सही हें मोर्तब होय. टेलिफोनचा आंकडा मागण्याचा हेतु मात्र नवा आहे. पेशव्यांच्या सनदेविषयीं शंका आली तर आम्हांस पेशव्यांस विचारतां येत नाहीं, तेथील अधिकाऱ्यास मात्र सही करणारास विचारतां येतें. साक्षीदार हयात असून त्याची उलटतपासणी शक्य आहे, यावर त्या पत्राचें सारें वजन उभें आहे.

४. हुद्दा आणि काम

वरील कलमांत सर्वांत महत्त्वाचें व सर्वांत अधिक वेळां उणें राहणारें कलम पांचवें होय. कॅनडाच्या सरकारास हुद्द्याच्या नांवाशीं कर्तव्य नाहीं. तेथील राष्ट्रीय व्यवसाय-वर्गीकरणाच्या २०२१ च्या आवृत्तींत ५१६ धंदे पांच आंकडी संकेतानें नोंदलेले असून प्रत्येकाखालीं त्या धंद्याचें थोडक्यांत वर्णन व मुख्य कर्तव्यांची याद दिली आहे. अर्जदारानें त्या वर्णनांतील काम केलेलें असावें, आणि मुख्य कर्तव्यांपैकीं बरींचशीं, अत्यावश्यक तर सर्वच, बजावलेलीं असावींत, असा नियम आहे. एका कंपनींतला असिस्टंट मॅनेजर हिशेब तपासतो, दुसरींतला माल खरेदी करतो व तिसरींतला माणसें नेमतो. तेव्हां हुद्द्यावरून कामाचा बोध होत नाहीं, हें त्या सरकारचें म्हणणें रास्त आहे.

मराठ्यांच्या इतिहासांत याचें उत्तम उदाहरण आहे. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळचा, अष्टप्रधानांसंबंधींचा कानूजाबता वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यांत नुसतीं आठ पदांचीं नांवें देऊन भागविलेलें नाहीं. कोणीं कोणतें काम करावें, कोणत्या पत्रावर कोणीं चिन्ह करावें, याचीं कलमें त्यांत दिलीं आहेत. तीं नसतीं, तर नांवांवरून आम्हांस काय कळलें असतें? उलट बाजूनें पाहतां फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस हीं कामांचीं नांवें पुढें आडनांवें होऊन बसलीं, आणि ज्या घराण्यांत कित्येक पिढ्या कोणीं फडाचा कागद पाहिला नाहीं त्यांतही तीं चालूं राहिलीं. हुद्द्याचें नांव कामापासून सुटून किती दूर जातें, याचा हा घरचाच दाखला आहे. एकोणिसाव्या शतकांतील एखाद्या यादींत 'फडणीस' असें वाचून तो मनुष्य फडणिशी करीत होता असें जो लिहील, त्यास आम्ही कच्चा अभ्यासक म्हणूं. कर्तव्यें न लिहिलेलें पत्र पाहून तेथील अधिकारी हेंच म्हणतो.

यांतून एक दोष मात्र उद्भवला आहे. वर्गीकरणांतील कर्तव्यांची याद जशीच्या तशी उतरून पत्र तयार करण्याकडे कांहींचा कल असतो. अशा पत्राचें वजन वाढण्याऐवजीं घटतें. नमुन्याशीं शब्दशः जुळणारा लेख हा पाहिलेल्या कामावरून लिहिला नसून नमुन्यावरून लिहिला असावा, असा संशय येणें साहजिक आहे. जुन्या महजरांच्या छाननींतही आम्ही हाच कसोटीचा दगड वापरतों. अस्सल लेखांत ठराविक मायन्याखेरीज त्या जागेचा, त्या माणसांचा, त्या तंट्याचा असा कांहीं तरी वेगळा तपशील असतोच.

५. दाखल्याचा पूर्वेतिहास

धन्याकडून घेतलेल्या कामाच्या दाखल्याचा युरोपांतील इतिहास पाहतां तो आरंभीं कामकऱ्याच्या हितासाठीं नव्हताच. इंग्लंडांत १५६३ च्या कारागीरविषयक कायद्यानें असें ठरविलें कीं, एक चाकरी सोडून दुसरीकडे जाणाऱ्या नोकरानें सुटका झाल्याचा लेख जवळ बाळगावा. तो शहरांत शहराच्या शिक्क्यानें, व खेड्यांत कॉन्स्टेबल आणि दोन प्रतिष्ठित गृहस्थ यांच्या सहीनें मिळे. तो न पाहतां नोकर ठेवणाऱ्या धन्यास पांच पौंड दंड असे. लेख नसलेल्या नोकरास कैदेंत ठेवीत, आणि २१ दिवसांत तो मिळवितां आला नाहीं तर भटक्या ठरवून फटके मारीत. म्हणजे दाखला ही माणसास बांधून ठेवण्याची दोरी होती.

जर्मन प्रदेशांत शिकाऊ काळ संपवून गांवोगांव फिरणाऱ्या कारागिरांस १७३१ च्या साम्राज्य-नियमानें ठराविक मायन्याचा दाखला आवश्यक झाला. त्यांत नांव, जन्मस्थान, वय, बांधा, केंसांचा रंग, अमुक गांवीं किती काळ काम केलें, आणि तेथें तो इमानानें व शांतपणें वागला, असा मजकूर असे. पुढें या दाखल्यांच्या माथ्यावर त्या त्या शहराचें ताम्रपटावर कोरलेलें चित्र छापण्याची चाल पडली, आणि त्यामुळें तिकडील संग्राहक ते आज मोठ्या हौसेनें जमवितात. शिक्क्याऐवजीं शहराचें चित्र आणि फोटोऐवजीं केंसांचा रंग, हा फरक सोडला तर नांव, स्थळ, काळ व प्रमाण देणारा हीं अंगें आजच्या पत्रांतलींच आहेत.

फ्रान्समधील इतिहास आमच्या विधानास सर्वांत उपयोगी आहे. तेथें १८०३ सालीं कामकऱ्याच्या पुस्तिकेचा कायदा झाला. कामकऱ्यानें ही पुस्तिका जवळ बाळगावी, धन्यानें कामावर घेतल्याची व सोडल्याची नोंद तींत करावी, आणि आधींच्या धन्याची फारकत नोंदलेली नसेल तर नव्या धन्यानें त्यास घेऊं नये, अशी व्यवस्था होती. काम चालूं असतां पुस्तिका धन्याच्या ताब्यांत राही. कामकऱ्यानें आगाऊ घेतलेली रक्कम तींत चढवून ती पुढच्या धन्याकडून वसूल करण्याची सोय असल्यामुळें पुस्तिका हें प्रमाण न राहतां एक प्रकारचें गहाण झालें. १८५४ च्या कायद्यानें ती कामकऱ्याच्या हातीं राहावी असें ठरलें. शेवटीं २ जुलै १८९० च्या कायद्यानें पुस्तिकेची सक्ति उठविण्यांत आली.

पुस्तिका उठवितांना त्याच कायद्यानें जी दुसरी तरतूद केली, ती आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतील कळसाची जागा आहे. करार संपल्यावर कामकऱ्यास धन्याकडे दाखला मागण्याचा हक्क मिळाला. त्यांत तीनच गोष्टी लिहावयाच्या: कामावर आल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि कामाचा प्रकार. न दिल्यास नुकसानभरपाई देणें धन्यावर आलें. धन्याची स्तुति किंवा निंदा त्यांत येऊं नये, म्हणून मजकूर या तिहींपुरताच बांधून दिला. सव्वातीनशें वर्षें जो कागद धन्याच्या बाजूचा होता, तो येथें कामकऱ्याच्या बाजूचा झाला. जर्मन दिवाणी संहितेनें १ जानेवारी १९०० पासून नोकरीचा प्रकार व मुदत यांचा लेखी दाखला मागण्याचा असाच हक्क दिला, आणि नोकराची इच्छा असल्यास त्यांत काम व वर्तणूक यांचाही उल्लेख करण्याची मुभा ठेवली. खुद्द कॅनडांतील क्वेबेक प्रांतानें, जेथील दिवाणी कायदा फ्रेंच परंपरेचा आहे, १९९४ पासून अमलांत आलेल्या संहितेंत कामाचें स्वरूप, मुदत व उभय पक्षांचीं नांवें एवढेंच असलेला दाखला देणें धन्यावर बंधनकारक केलें आहे.

इंग्लिश कायद्यानें दुसरी वाट धरली. १८०० सालच्या कॅरोल विरुद्ध बर्ड या निकालांत असें ठरलें कीं, नोकराविषयीं अभिप्राय देणें धन्यावर बंधनकारक नाहीं. खोटा दाखला देणारास किंवा आणणारास मात्र १७९२ च्या कायद्यानें आधींच वीस पौंड दंड ठेवला होता, आणि तो कायदा २००८ पर्यंत पुस्तकांत राहिला. म्हणजे खोट्या दाखल्यास शिक्षा होती, पण खऱ्या दाखल्याचा हक्क नव्हता. १९९४ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अशुरन्स या खटल्यांत दाखला देणाऱ्या धन्यानें तो काळजीपूर्वक लिहिला पाहिजे असें ठरविलें. पण हा नियम दिलेल्या दाखल्यापुरता आहे. न दिलेल्या दाखल्यास त्याचा फारसा उपयोग नाहीं.

६. आपल्याकडील स्थिति

आपल्या जुन्या गांवगाड्यांत कामाच्या दाखल्याचें प्रयोजन सहसा पडत नसे, कारण सुतार सुतारकी करतो हें सारा गांव पाहत असे. प्रश्न वतनाच्या तंट्यांत उठे, आणि तेव्हां गोतसभा बसून महजर होई. त्या महजरांवर पाटलाचा नांगर, लोहाराचा हातोडा, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या असतात, त्या आम्ही नित्य पाहतों. तेथें साक्ष एका धन्याची नसून गोताची असे, आणि साक्ष देणारा स्वतःचें कसबच सहीच्या जागीं ठेवी. ही पद्धति सर्वस्वीं निर्दोष होती असें आमचें म्हणणें नाहीं. पण साक्षीचा अधिकार एकट्या माणसाच्या मुठींत नव्हता, एवढी गोष्ट खरी. उलट ज्यांच्याकडे भोगवटा होता पण लेख नव्हता, त्यांची काय दशा झाली हें १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढें आलेल्या घराण्यांच्या कागदांवरून दिसून येतें.

आधुनिक काळीं १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखालील आदर्श आदेशांत, कायम कामगारास कामावरून दूर होतांना सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क आहे असें कलम घालण्यांत आलें. ही तरतूद स्तुत्य होती. परंतु तिच्या दोन मर्यादा होत्या. एक तर ती 'कामगार' या संज्ञेंत मोडणारांपुरती होती, आणि परदेशीं जाऊं इच्छिणारे बरेचसे लोक देखरेखीच्या वा व्यवस्थापनाच्या जागांवरचे असतात. दुसरें असें कीं, दाखल्यांत काय असावें, विशेषतः कामाचें स्वरूप लिहावें कीं नाहीं, हें त्या कलमांत सांगितलें नव्हतें. फ्रेंच कायद्यानें १८९० सालींच जें तिसरें कलम घातलें होतें, तेंच येथें गळलें.

परिणाम असा कीं, आपल्याकडील पुष्कळ कंपन्या कामावरून मोकळें केल्याचें व अनुभवाचें म्हणून जें पत्र देतात, त्यांत हुद्दा व दोन तारखा यांपलीकडे मजकूर नसतो. कर्तव्यें लिहून मागितलीं तर आमची तशी वहिवाट नाहीं असें उत्तर मिळतें. कोठें कंपनी बुडालेली असते, कोठें ती दुसरींत विलीन झालेली असते, कोठें जुना वरिष्ठ रागावून गेलेला असतो, आणि कोठें चालूं धन्यास आपला माणूस जाणार हें कळूं देण्याची सोय नसते. काम झालें आहे, वेतन मिळालें आहे, कर भरला आहे. फक्त लिहिणारा नाहीं.

अशा वेळीं दुय्यम प्रमाणांचा आश्रय करावा लागतो. त्यांचें वजन कसें करावें, हें ठरविण्यास आमच्या शास्त्राचे नियम पुरेसे आहेत. नेमणुकीचें पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचें पुस्तक, आयकराचा फॉर्म १६ आणि भविष्यनिर्वाह निधीची खातेनोंद हे समकालीन लेख होत. ते अर्जासाठीं म्हणून निर्माण झालेले नाहींत, यांतच त्यांचें बळ आहे. त्यांतही भविष्यनिर्वाह निधीची नोंद तिसऱ्या पक्षाकडे, म्हणजे १९५२ च्या कायद्याखालील संस्थेकडे राहते. पण हे लेख काळ, पक्ष व वेतन सिद्ध करतात. कर्तव्यें सिद्ध करीत नाहींत. उलट माजी वरिष्ठाचें किंवा सहकाऱ्याचें प्रतिज्ञापत्र कर्तव्यें सांगतें, पण तें मागाहून व मुद्दाम केलेलें असतें. म्हणून पहिल्या वर्गानें चौकट उभी करावी आणि दुसऱ्यानें ती भरावी. प्रतिज्ञापत्र करणारानें आपण त्याच काळीं त्याच ठिकाणीं होतों हें स्वतःच्या समकालीन कागदानें दाखवावें, आणि धन्याकडे पत्र मागितल्याचा व न मिळाल्याचा लेखी मागोवा सोबत जोडावा. एवढें करूनही तें मान्य होईलच असें नाहीं, कारण तो निर्णय अधिकाऱ्याचा आहे. परंतु खोट्या कागदाचा मोह धरणारानें एक ध्यानांत ठेवावें. चुकीची माहिती दिल्याचें ठरल्यास त्या देशाचे दरवाजे २०१४ पूर्वीं दोन वर्षें बंद होत, ते त्या सालापासून पांच वर्षें बंद होतात.

कागदाच्या अभावाची झळ परदेशीं जाणारासच लागते असें नाहीं. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झाला, त्यांत सुमारें अडीच लाख कामगार होते. पुढें बंद गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठीं घरें बांधण्याची योजना निघाली, तेव्हां आपण १ जानेवारी १९८२ रोजीं वा त्यानंतर गिरणींत कामावर होतों, हें त्यांस किंवा त्यांच्या वारसांस सिद्ध करावें लागलें. ज्या गिरणीचा भोंगा बंद होऊन वर्षें लोटलीं, तिच्या हजेरीपटाशीं नांव जुळविणें भाग पडलें. एखाद्या घरीं पत्र्याच्या पेटींत जपून ठेवलेलें गिरणीचें तिकीट हाच एका हक्काचा आधार ठरला. कॅनडाचा अर्जदार सुशिक्षित व गिरणीकामगार कष्टकरी, पण दोघांसही एकच प्रश्न विचारला गेला, आणि दोघांचेंही उत्तर दुसऱ्याच्या वहींत होतें.

७. निष्कर्ष

वरील विवेचनाचा सारांश तीन कलमांत सांगतां येईल. पहिलें, कामाचा दाखला हा धन्याच्या सोयीसाठीं जन्मास आला, आणि १८९० च्या फ्रेंच कायद्यासारख्या कायद्यांनीं तो कामकऱ्याचा हक्क होऊं लागला. दुसरें, जेथें हा हक्क पुरा आहे तेथें कसबी-प्रवेशाचे नियम न्याय्य ठरतात. जेथें तो अपुरा आहे तेथें तेच नियम दोन समान कसबाच्या माणसांत, एकाचा धनी लिहिता व दुसऱ्याचा न लिहिता, एवढ्यावरून भेद करतात. तिसरें, या अन्यायाचा उपाय परदेशच्या सरकारच्या हातीं थोडा व आपल्या कायद्याच्या हातीं फार आहे. आल्याची तारीख, गेल्याची तारीख व केलेलें काम, एवढ्या तीन ओळी प्रत्येक नोकरी करणारास मागतांच मिळाव्यात, अशी तरतूद करणें कठीण नाहीं.

संग्राहकांस आमची एक विनंती आहे. सनदा, महजर, बखरी यांचा शोध आपण करतोंच. पण बंद पडलेल्या गिरण्या, कारखाने, छापखाने व पेढ्या यांचे हजेरीपट, पगारपत्रकें, रजेचीं पुस्तकें व नेमणुकीच्या नकला रद्दीच्या भावानें विकल्या जात आहेत. जुन्या बाजारांत त्या दिसल्या तर त्यांस कमी लेखूं नये. त्या मिळतील तेथून घ्याव्या, आणि कोणत्या संस्थेच्या, कोणत्या सालच्या व कोठें मिळाल्या याची याद करून एखाद्या संशोधन-संस्थेच्या दप्तरांत ठेवाव्या. त्यांतील प्रत्येक ओळींत ज्याचें नांव आहे तो किंवा त्याचा वारस आज हयात असण्याचा संभव आहे, आणि त्या ओळीची त्यास गरज पडण्याचाही संभव आहे.